म्हातारचळाची फोड

25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी वारले. वय अवघं 20. सरकारदरबारी ते वेडे ठरले होते. गादीपासून इतक्या लांब त्यांना गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं होतं आणि त्यांतल्याच ग्रीन नावाच्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला.

राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे गादीवर दत्तक घेतलेला हा 8 वर्षांचा मुलगा. तो वयात येता येता त्याच्या वागण्याबद्दल कुजबुज सुरू झाली. राजा वेडा आहे, असं इंग्रज अधिकारी म्हणत. वेडा नाही, वेडा ठरवून त्याला छळतायत, असं पुण्याची वर्तमानपत्रं म्हणत. केसरी आणि मराठा 1881च्या जानेवारीत नुकतेच निघाले होते. त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. बर्व्यांनी फिर्याद लावली, पुराव्यातली पत्रं बनावट निघाली आणि 1882 साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बसून आले. आगरकरांनी तिथं हॅम्लेटचं मराठी करायला घेतलं, ते ‘विकारविलसित’ नावाने 1883 मध्ये छापलं गेलं. राजपुत्र खरा वेडा की वेडाचं सोंग आणलेला, हा ज्या नाटकाचा पेच, तेच त्यांनी नेमकं तेव्हा हाती घ्यावं, हा मला कधीच नुसता योगायोग वाटलेला नाही.

महाराज वेडे होते की नव्हते, याचा निकाल लावायला मी ही गोष्ट काढलेली नाही. इतक्या वर्षांनी तो कुणी लावू पाहिला, तरी तो खरा कशावरून मानायचा? माझं अडतं दुसरीकडे. कोर्ट झालं, तुरुंग झाला, राज्यकारभार कागलच्या जयसिंगराव घाटग्यांकडे गेला, पुढे 17 मार्च 1884 रोजी त्यांचाच मुलगा दत्तक जाऊन शाहू महाराज झाला. एवढी उलथापालथ झाली ती सगळी एका शब्दावर. वेडा. हो की नाही, एवढाच प्रश्न. काय बिघडलंय, किती बिघडलंय, काय शाबूत आहे, हे विचारायला त्या शब्दात फटच नव्हती.

तशी ती अजूनही फारशी नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत कुठल्याही कट्ट्यावर जाऊन बसा. तरुण माणूस विचित्र वागला की डोस्कं फिरलंय. म्हातारा वागला की म्हातारचळ लागलाय. साठी बुद्धी नाठी, ही म्हण तर जातायेता तोंडावर फेकलेली. आजोबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात, आजी दारात कुत्रा बसलाय म्हणते आणि दारात कुत्रा नसतो, काका भर लग्नात अचकट विचकट बोलतात, आत्याचे हात थरथरतात आणि ती बोलता बोलता मध्येच थांबते. हे चार वेगळे आजार असू शकतात. आपल्याकडे त्यांना मिळून एकच नाव आहे, वय झालं.

या एका शब्दाची फोड कशी होत गेली, त्याचा हा इतिहास. फोड करायला जवळजवळ 200 वर्षं लागली आणि तिचे काही धागे आपल्या सह्याद्रीच्या रानातून गेलेत.

पहिला टाका 1817 साली लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने उसवला. त्याने कंपवातावर एक छोटं पुस्तक लिहिलं. रोगी सहा. त्यांतले काही तर त्याने रस्त्यावर चालताना नुसते पाहिलेले. पुढे झुकलेलं अंग, तोल सांभाळण्यासाठी धावल्यासारखी पावलं, हाताला कंप. हे सगळं त्याने असं टिपलं की आजही वाचताना ओळखीचा एखादा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. एक गोष्ट मात्र त्याने चुकीची लिहिली. बुद्धीला धक्का लागत नाही, असं तो म्हणाला. त्याची ती चूक पुढे बरीच वर्षं गिरवली गेली. मला त्यात त्याचा फार दोष वाटत नाही. रस्त्यावर लांबून पाहिलेल्या माणसाची चाल कळते, त्याला काल काय जेवलो ते आठवतं का, हे कसं कळणार?

दुसरा जॉर्ज हंटिंग्टन, अमेरिकेचा. 1872 साली, वयाच्या 22व्या वर्षी त्याने निबंध लिहिला. बाप डॉक्टर, आजा डॉक्टर, दोघांचीही वैद्यकी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर. लहानपणी बापाबरोबर घोडागाडीतून जाताना त्याला रस्त्यात दोन बायका दिसल्या, आई आणि मुलगी. दोघी उंच, काटकुळ्या, दोघींची अंगं वेडीवाकडी हलतायत. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. तीन पिढ्यांच्या टिपणांमुळे त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. हा रोग आईबापांकडून मुलांकडे येतो, आणि ज्या मुलाला तो आला नाही त्याच्यापासून पुढची पिढी सुटते. अंग नाचवणारा हा रोग पुढे मनही पोखरतो, हेही त्याने लिहून ठेवलं. त्याचं जनुक 1993 साली सापडलं, पण डॉक्टरांच्या घराण्यातल्या एका पोराला वाड्यावस्त्यांवरच्या ओळखीतून जे कळलं होतं, त्यात जनुकाने फक्त पत्ता भरला.

मग 1892. प्रागमध्ये आर्नोल्ड पिकने 71 वर्षांच्या एका माणसाबद्दल लिहिलं. त्याची भाषाच आटत गेली होती. मेल्यावर मेंदू पाहिला तर एका बाजूचा कानशिलामागचा भाग सुकलेला. मेंदू सगळीकडून सारखा सुकतो, ही तोवरची समजूत होती. पिकने दाखवलं की तो एका कोपऱ्यातूनही सुकू शकतो. याच कुळातल्या आजाराचा दुसरा प्रकार कपाळामागच्या भागाला धरतो. त्यात माणसाला सुरुवातीला वाटा, तारखा, पैपाहुणे सगळं आठवतं, फक्त वागायचं कसं ते सुटतं. मघाच्या लग्नातल्या काकांचं असं होऊ शकतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आधी स्मृती ढळते आणि मग बुद्धी जाते, असा क्रम आहे. या आजाराने तो उलटा करून दाखवला. इथं विवेक आधी जातो, आठवण मागाहून.

आता फ्रँकफर्ट. 25 नोव्हेंबर 1901 रोजी तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको भरती झाली. नाव आउगुस्टे डेटर, वय 51. नवऱ्याचा संशय घ्यायची, घरात वस्तू लपवायची, चादरी ओढत फिरायची. दुसऱ्या दिवशी आलॉइस आल्झायमर नावाचा डॉक्टर तिच्यासमोर बसला आणि त्याने काय विचारलं, ती काय म्हणाली, हे जसंच्या तसं लिहून ठेवलं. नाव विचारलं, तिने आउगुस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, पुन्हा आउगुस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तेही बहुधा आउगुस्टेच. दुपारी ती डुकराचं मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खातेयस, तर म्हणाली पालक. चीजवस्तू दाखवल्या की नाव सांगायची, थोड्या वेळाने काय दाखवलं होतं ते मात्र पुसून गेलेलं. लिहायला सांगितलं की पहिला शब्द लिहायची आणि पुढचं विसरायची. मी स्वतःला हरवून बसलेय, अशा अर्थाचं ती मध्येमध्ये बोलायची.

आल्झायमर पुढे म्युनिकला गेला, पण ही बाई त्याच्या डोक्यातून गेली नाही. 8 एप्रिल 1906 रोजी ती वारली तेव्हा तिची फाइल आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवण्याची नवी रीत तेव्हा आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांची गुंडी. 1906च्या नोव्हेंबरात ट्युबिंगेन शहरातल्या परिषदेत त्याने हे मांडलं. मांडून झाल्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वक्त्याकडे सभा वळली.

1910 साली त्याचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ‘आल्झायमरचा आजार’ असं नाव छापलं, पण ते ऐन वयात, म्हातारपणाआधी होणाऱ्या विस्मरणापुरतं. सत्तरीच्या माणसाच्या मेंदूत तेच डाग आणि तीच गुंडी दिसली तरी त्याचं नाव म्हातारपणच राहिलं. म्हणजे आपला कट्ट्यावरचा म्हातारचळ हा शब्द जर्मन पाठ्यपुस्तकात शिरून बसला म्हणायला हरकत नाही. तिथून तो निघायला 60-65 वर्षं लागली. 1968 साली न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉम्लिन्सन आणि रॉथ यांनी मेलेल्या म्हाताऱ्यांचे मेंदू तपासून दाखवलं की डाग जितके जास्त, तितकं जिवंतपणी त्यांचं विस्मरण जास्त होतं. 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात उघड लिहिलं की पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा एकच आजार आहे. त्या दिवशी जगात लाखो माणसं म्हातारी असण्याऐवजी आजारी ठरली. त्याच 1976 साली जपानमध्ये केन्जी कोसाका यांनी आणखी एक वेगळा आजार नोंदवला. त्यात मेंदूभर जे गोळे दिसत, ते फ्रेडरिक लेवीने कंपवाताच्या रोग्यांत 1912 सालीच पाहिले होते. हाच लेवी बॉडीचा आजार. नसलेला कुत्रा दारात दिसतो तो बहुधा यात. सकाळी माणूस खणखणीत बोलतो, दुपारी हरवतो, संध्याकाळी परत शुद्धीवर. घरचे म्हणतात, सोंग आणतोय. हॅम्लेटचा प्रश्न परत तिथंच.

आता आपल्या रानाकडे वळू. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, कुठल्याही झाडीत पावसाळ्यानंतर खाजकुइरीच्या शेंगा लटकतात. शेंगेवरची तांबूस कुसं अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. शाळेतल्या पोरांची ही जुनी खोडी. वैद्य मात्र त्या शेंगेतलं बी शेकडो वर्षं वापरत आलेत. 1937 साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी त्याच बियांतून लेव्होडोपा नावाचं द्रव्य वेगळं काढलं. त्याआधी 1913 मध्ये युरोपात ते एका घेवड्याच्या जातीतून निघालं होतं. काढणाऱ्या मार्कुस गुगेनहाइमने अडीच ग्रॅम स्वतः गिळून पाहिलं, ओकाऱ्या काढल्या आणि विषय सोडून दिला. मद्रासच्या दोघांनाही आपण कशाला हात घातला याची कल्पना असणं शक्य नव्हतं. मेंदूत त्याचं काम काय, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या एका झुडपामुळे. सर्पगंधा. 1931 साली कलकत्त्याच्या गणपती सेन आणि कार्तिक बोस यांनी तिला वेडावरचं आणि रक्तदाबावरचं औषध म्हणून जाहीर केलं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील तिच्या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांना देत होते. 50 रोग्यांचा त्यांचा अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, आणि ज्या मुळीकडे विलायतेने कधी वळून पाहिलं नव्हतं तिच्यासाठी एकदम रांग लागली. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. इकडे स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने 1952 मध्ये तिच्यातलं रेझर्पीन वेगळं काढलं आणि ते वेड्यांच्या इस्पितळात वाटलं जाऊ लागलं.

मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की जास्त रेझर्पीन घेणारे रोगी हळूहळू ताठरतायत, थरथरतायत, कंपवात झाल्यासारखे दिसतायत. स्वीडनच्या आर्विद कार्लसनने सशांना रेझर्पीन टोचलं. ससे कान पाडून निपचित. मग लेव्होडोपा टोचलं, तेच जे खाजकुइरीत असतं. ससे पंधरा मिनिटांत उठून बसले. 1957 साली हे छापून आलं. व्हिएन्नामध्ये हॉर्निकिविच यांनी 1960 मध्ये कंपवाताच्या मेंदूत डोपामीन, म्हणजे लेव्होडोपापासून बनणारं द्रव्य, आटलेलं दाखवलं, 1967 मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज कॉट्झियास यांनी मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन थिजलेल्या माणसांना चालायला लावलं, आणि 2000 साली कार्लसनना नोबेल मिळालं. एका रानातल्या दोन वनस्पती. एकीने रोगाची नक्कल करून दाखवली, दुसरीने ती पुसली. (हे वाचून कुणी खाजकुइरीची पूड परस्पर घ्यायला लागू नये. बियांतलं द्रव्य कमीजास्त असतं आणि डॉक्टरच्या गोळीवर ते चढलं तर त्रास ठरलेला.)

एवढं सगळं होऊन एक कोडं मात्र राहिलं. गोळीने हात चालला, पाय चालला, विस्मरणाला तिने फारसा हात लावला नाही. पार्किन्सनची ती 1817ची चूक इथं उघडी पडली. सिडनीत कंपवाताच्या रोग्यांचा 20 वर्षं पाठपुरावा झाला. 20 वर्षांनंतर जे जिवंत होते त्यांच्यातल्या 83 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. तर मग कंपवातातलं विसरणं आणि आल्झायमरमधलं विसरणं एकच का?

एकच नाही. आणि कुणाच्याही घरात उपयोगी पडेल असं या इतिहासातलं सगळ्यात मोठं शहाणपण इथं आहे, म्हणून जरा थांबतो.

तलाठ्याचं दप्तर घ्या. आल्झायमरमध्ये नोंदच पडत नाही. मेंदूत कानशिलांच्या आत जो भाग नवी नोंद करतो, तिथूनच आजाराची सुरुवात होते. जुने फेरफार शिल्लक असतात, म्हणून आजीला 1972चा दुष्काळ बारकाव्यानिशी आठवतो आणि सकाळी नातू येऊन गेला हे नाही. तिला कितीही खुणा द्या, अगं तो निळा शर्ट, पेढे आणलेले, तरी उपयोग होत नाही, कारण कागदच लिहिलेला नाही. कंपवातात नोंद पडलेली असते, शोधणारा शिपाई थकलेला असतो. गट नंबर सांगा, म्हणजे निळा शर्ट म्हणा, की तो फाइल घेऊन येतो. तेव्हा आधी वेळ द्यायचा आणि मग खूण. हंटिंग्टनमध्येही सुरुवातीला असंच, नुसतं आठव म्हटलं तर येत नाही, चार पर्याय ठेवले तर बरोबर ओळखतो. पिकच्या कुळातल्या एका आजारात कागद आहे, शिपाई आहे, पण शब्दांचा अर्थच पुसला जातो. फणी हातात घेऊन माणूस विचारतो, फणी म्हणजे काय.

हे वेगळेपण पहिल्यांदा नीट मोजलं ते अमेरिकेत नेल्सन बटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1989 साली त्यांनी आल्झायमर, हंटिंग्टन आणि कंपवात, तिन्हींचे रोगी एकाच कसोटीला बसवले. एक कसोटी होती ती ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या फिरत्या चकतीची. चकतीवर धातूचा एक ठिपका, हातात काडी, आणि चकती फिरत असताना काडी ठिपक्यावरून सुटू द्यायची नाही. सरावाने हात शिकतो. आल्झायमरचे रोगी शिकले. आधी कधी ही चकती पाहिली का हे त्यांना सांगता आलं नसतं, पण हात शिकला. हंटिंग्टनच्या रोग्यांचा हात शिकला नाही. दुसरी कसोटी शब्दांची. आधी वाचलेला शब्द पुढे नकळत ओठावर येतो, तो किती येतो हे पाहायचं. इथं उलटं झालं. हंटिंग्टनवाल्यांना तो आला, आल्झायमरवाल्यांना नाही. कंपवातात ज्यांना स्मृतिभ्रंशही झालेला, ते दोन्हीकडे अडखळले.

हा निबंध वाचला तेव्हा मला तालीम आठवली. समजा, गंगावेशीत एखादा थकलेला वस्ताद आहे आणि त्याला आल्झायमर झालाय. त्याला मुलाचं नाव आठवत नाही. पण कुणी पट्ठ्याने समोर येऊन हात पुढे केला, की त्याचा हात मनगटावर जाईल, खांदा वळेल आणि ढाक किंवा घिस्सा असा बसेल की पट्ठ्या तांबड्या मातीत. ढाक म्हणजे काय ते सांगा म्हटलं तर तो बघत राहील. डाव हातात असतो, डोक्यात नाही, हे वस्ताद लोक नेहमी म्हणतात. ते मेंदूबद्दल बोलत नसतात, आळशी पोरांना माती अंगाला लावायला सांगत असतात, पण बटर्सच्या चकतीने तेच सिद्ध केलं. त्याच वस्तादाला हंटिंग्टन झाला असता तर कदाचित डावाचं नाव त्याला सांगता आलं असतं आणि डाव बसला नसता.

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नव्याने सांगायला नको. मोहन आगाशे त्यात संस्कृत पंडित आहेत. आल्झायमरने त्यांचं घर पुसून टाकलंय आणि ते रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे चालू लागतात. माहुताची बायको त्यांना पोरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला आजाराचं नाव ठाऊक नाही. समोरच्या माणसात काय शिल्लक आहे ते तिला दिसतं, आणि तेवढ्यावर ती त्याच्याशी बोलते.

आपल्याकडच्या मोजणीची गोष्ट तशी अलीकडची. मुंबईत डॉ. एडी भरुचा यांनी केईएममध्ये मेंदूविकारांचा विभाग उभा केला. 1988 साली भरुचांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर फिरून केलेली मोजणी छापली. 14,010 माणसांत 46 जणांना कंपवात. लाखाला 328, हा आकडा जगातल्या मोठ्या आकड्यांत गणला गेला. मुंबईच्याच डॉ. नोशीर वाडियांनी 1971 मध्ये नऊ कुटुंबांत पिढीजात येणारा एक नवाच मेंदूविकार नोंदवला होता. रोग्याचा तोल जातो, आणि डोळे एका वस्तूवरून दुसरीवर इतके सावकाश सरकतात की पाहणाऱ्यालाच थांबावंसं वाटतं. हंटिंग्टनने घोडागाडीतून जे पाहिलं, वाडियांनी ते बाह्यरुग्ण विभागात पाहिलं. एका घरातल्या तिसऱ्या माणसाला पाहिलं की मग पहिले दोन आठवतात.

विस्मरण मोजायला मात्र कसोट्या सगळ्या तिकडच्या. शंभरातून सात वजा करत या, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्याला हे विचारलं तर तो पहिल्याच प्रश्नात स्मृतिभ्रष्ट ठरतो. 1990च्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या बल्लभगढमधल्या खेड्यांत निरक्षरांसाठी हिंदीत नवी प्रश्नावली बांधली, तेव्हा कुठे हा घोळ निस्तरायला सुरुवात झाली. आणखी एक गोष्ट आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी 2013 मध्ये 648 रोग्यांचा अभ्यास छापला. दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा आलेला दिसला, न शिकलेल्यांतसुद्धा. त्यावर अजून वाद आहेत, आणि दोन भाषांमुळेच हे झालं असं छातीठोक कुणी सांगू नये. पण गडहिंग्लज, निपाणी, कागलच्या बाजारात मराठीतून भाव करून कानडीत हिशोब करणाऱ्या बायकांना ही बातमी सांगावीशी वाटते खरी. भाषेवरून आपण भांडलो फार.

2023 साली आलेल्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी तो आकडा उलटा वाचून पाहावा. साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या 92-93 जणांची बुद्धी नाठलेली नाही. उरलेल्यांतही काहींचं विस्मरण ब-12 जीवनसत्त्व किंवा थायरॉइडमुळे असतं, काहींचं मेंदूला रक्त कमी पडल्याने एकेक पायरी उतरत जातं, आणि त्यातलं काही वेळेवर सापडलं तर थांबवता येतं. तपासायला आधी वय झालं हे म्हणणं सोडावं लागतं.

आउगुस्टे डेटरची फाइल कित्येक दशकं सापडत नव्हती. ती फ्रँकफर्टच्या दप्तरात 1995च्या डिसेंबरात सापडली, निळ्या रंगाची, आत आल्झायमरच्या हातची प्रश्नोत्तरं. त्यांतला एक प्रश्न महिन्याचा आणि सालाचा होता, तो तिला आला नाही. तोच प्रश्न परवा एका घरात एका तरुण डॉक्टरने खाटेवर बसलेल्या आजींना विचारला, आज तारीख काय? त्यांनी सांगितली नाही. डॉक्टरने कागदावर शून्य घातलं. सून म्हणाली, आत्ती, आज वार कुठला? आजींनी पदर डोक्यावर ओढला, उत्तरेला वाडी रत्नागिरीच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाल्या, जोतिबाचा की. रविवारच होता.